बॉगलच्या पाठीवरचे चौदा कान

जुनं पोस्ट, स्केलबेक
१९ नोव्हेंबर

प्रिय उर्सुला,

शनिवारी संध्याकाळी डोकं धुऊन आपण दोघी तुमच्या स्वयंपाकघरात शेगडीकडे पाठ करून बसायचो, आठवतं का? केस वाळेपर्यंत जागचं उठायचं नाही, असा काकूचा हुकूम. तुझे केस दाट, तुला तासभर लागायचा. माझे उंदराच्या शेपटीएवढे, पाच मिनिटांत वाळायचे. पण तू एकटी पडशील म्हणून मी हळूच बादलीत बोटं बुडवून ते पुन्हा ओले करत असे. (हे तुला आज पहिल्यांदाच कळतंय. त्या हिवाळ्यात मला तीनदा सर्दी का झाली, हे काकूला शेवटपर्यंत कळलं नाही.) परवा केस पुसताना हे सगळं आठवलं आणि म्हटलं, आता उर्सुलाला पत्र लिहायलाच हवं. तसं लिहायला दुसरंही कारण आहे, चांगलं साडेसात फूट लांब. पण कॉन्व्हेंटात आपल्याला शिकवलंय की आधी समोरच्याची विचारपूस, मग स्वतःचं रडगाणं.

तर तुझा गुडघा कसा आहे? तिकडे न्यूझीलंडमध्ये आता उन्हाळा लागला असेल. ज्या देशात नाताळला घाम येतो त्या देशावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, पण तुझ्या पत्रांवरची तिकिटं खरी दिसतात म्हणून गप्प बसते. मुलीला, जावयाला आणि नातवंडांना माझे आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण गावातले लोक गेली तीस वर्षं तेच तेच बोलत असल्यामुळे फारसं काही बुडत नाही.

आता बातमी. उर्सुला, बॉगल सापडला.

खुर्चीत बस, पाणी पी, आणि मग नातवंडांना जवळ बोलव. आपली आजी सिनेमात होती हे तू त्यांना सांगितलं नसशील याची मला खात्री आहे (तू सांगायला हवंस तेव्हा गप्प बसतेस आणि गप्प बसायला हवं तेव्हा हसतेस), म्हणून त्यांच्यासाठी पहिल्यापासून लिहिते. मुलांनो, मी नऊ वर्षांची आणि तुमची आजी बारा वर्षांची असताना आमच्या गावात लंडनहून सिनेमावाले आले. गोष्ट साधीच होती. आईवडील नसलेली एक मुलगी डोंगरातल्या काकाकडे राहायला येते. तिथल्या तळ्यात एक केसाळ प्राणी असतो, बॉगल. सगळे त्याला घाबरतात, ही त्याला पाव आणि काकवी खाऊ घालते. मग एक दुष्ट जमीनदार त्याला पकडून सर्कशीत घालायला निघतो, आणि मुलगी त्याला रातोरात तळ्यात परत सोडते. शेवटी सगळं थिएटर रडतं. त्या मुलीचं काम करणारी पोर लंडनची, कुरळ्या केसांची, आणि मेंढी दिसली की किंचाळणारी. आमच्या गावात येऊन मेंढीला घाबरणं म्हणजे समुद्रात जाऊन पाण्याला घाबरण्यासारखं. त्यामुळे तिचा निम्मा वेळ मोटारीत काचा लावून जायचा.

बॉगलच्या आत दोन माणसं असायची, एक पुढच्या पायांत, एक मागच्या. जून महिना, अंगावर सात मेंढ्यांची लोकर, आणि आत हवा यायला फक्त नाकाची भोकं. तीही पुढच्याला. तिसऱ्या दिवशी मागचा माणूस चक्कर येऊन पडला आणि बॉगल अर्धाच उभा राहिला. दिग्दर्शकाने गर्दीकडे पाहून विचारलं की बुटकं, दणकट आणि बिनतक्रार असं कोणी आहे का. आणि तू, उर्सुला, कोणी ढकललं नसताना पुढे होऊन म्हणालीस, "मी जाते. आमच्या गोठ्यात याहून वाईट वास येतो." पाच आठवडे तू बॉगलचे मागचे पाय होतीस. कॉन्व्हेंटातली मुलगी विजार घालून सिनेमात नाचते हे मदर सुपीरियरला कळू नये म्हणून काकाने (मुलांनो, म्हणजे तुमच्या पणजोबांनी) तुझं नाव कुठेही येऊ दिलं नाही. माझं काम म्हणजे बाजाराच्या दृश्यात टोपी घालून उभं राहणं. डोळा मिटून उघडलास तर मी जाते.

पण रोज संध्याकाळी बॉगल कुंपणाच्या दगडी भिंतीला टेकून ठेवलेला असे, आणि मी त्याच्यापाशी बसून त्याला मनातलं सगळं सांगत असे. सिस्टर आपल्याला कन्फेशनची सवय लावत होत्या, पण मला फादरपेक्षा बॉगल बरा वाटायचा. तो शिक्षा द्यायचा नाही. आठवड्याने तू मला जेवताना विचारलंस, "भूगोलात अकरा मार्क? खरंच?" तेव्हा मला कळलं की बॉगल नेहमीच रिकामा नसतो. (तू आत झोप काढत होतीस म्हणे. मी तुला माफ केलं. त्याला त्रेपन्न वर्षं लागली, पण केलं.)

शेवटच्या दृश्यात बॉगलला तळ्यात सोडलं, तेव्हा तो कसा बुडाला ते तुला सांगायला नको, तू पोहत बाहेर आलीस. सहा माणसांनी दोर लावून त्याला ओढून काढलं. भिजलेला बॉगल कुठल्याच गाडीत मावेना, म्हणून कॉन्व्हेंटच्या कपडे वाळवायच्या खोलीत टांगला. वाळला की नेतो, म्हणाले सिनेमावाले. आपल्याकडे काय वाळतं गं? ते आलेच नाहीत. सिस्टरांनी बारा वर्षं त्याला नाताळच्या देखाव्यात बैल म्हणून उभा केला, बाळ येशूच्या मागे, आणि मग डांबराच्या गोळ्या भरून माळ्यावर चढवला.

आता कॉन्व्हेंट विकलंय. तिथे हॉटेल होणार आहे, आणि आपण जिथे गुडघे टेकून पाढे म्हटले तिथे लोक गरम पाण्याच्या हौदात बसणार आहेत. सप्टेंबरात सिस्टर कोलंबांचा फोन आला. त्या आता एक्याण्णव वर्षांच्या आहेत, पण आवाज अजून तसाच, ऐकला की मी नखं तपासते. "फिलोमिना," त्या म्हणाल्या, "माळ्यावर तुझा मित्र आहे. बिशपसाहेब गुरुवारी माळा बघायला येतायत, आणि त्यांचं हृदय नाजूक आहे. त्याआधी ये आणि याला घेऊन जा." फोन ठेवताना त्यांनी हेही सांगितलं की लंडनच्या एका सिनेमाच्या संग्रहालयालाही त्यांनी पत्र टाकलंय. एका वस्तूसाठी दोघांना बोलावणं हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. पण त्यांनी जन्मभर तसंच केलंय. शाळेच्या एका घंटेसाठी त्या नेहमी दोन मुलींना पाठवायच्या, एक विसरली तर दुसरी असावी म्हणून.

बॉगलला माझ्या गाडीतून आणण्याचं वर्णन मी करणार नाही. (करतेच.) माझी गाडी तू पाहिली नाहीस. तिच्यात मी आणि भाजीची पिशवी बसलो की दार लावताना विचार करावा लागतो. बॉगलचं मागचं अंग मागच्या सीटवर दुमडलं, पोट दोन सीटांच्या मधे कोंबलं, आणि डोकं माझ्या शेजारी बसवून पट्टा लावला. खिंडीपाशी रस्त्याचं काम चालू होतं. तिथे एक तरुण पोलीस होता, त्याने काच खाली करायला सांगितली, बॉगलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आजी, तब्येत बरी आहे ना त्यांची?" मी म्हटलं, "थोडा दमलाय." त्याने टोपीला हात लावला आणि गाड्यांची रांग थांबवून आम्हाला पुढे सोडलं. आपल्या लोकांचा हा मोठेपणा मला फार आवडतो. दिसेल ते बघतात, पण विचारतात फक्त तब्येत.

घरी आणून पाहिलं तर डांबराचा वास, अर्धा डोळा गायब, आणि जबड्यात चिमणीचं घरटं. बाकी तोच. माझं वय नऊ झालं. मी त्याला थंड पाण्याने आणि साबणाच्या चुऱ्याने धुतला (लोकर गरम पाण्यात घालू नये हे मला काकूने शिकवलंय, आणि साडेसात फुटांचा बॉगल चार फुटांचा झाला असता तर मी कोणाला तोंड दाखवलं नसतं), आणि मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर टाकला. नोव्हेंबर उजाडला तरी तो ओलाच, आणि इथे सगळा घोळ झाला.

मेंढपाळ जॉस टायसन तुला आठवतो. तेव्हा सत्तावीस वर्षांचा, देखणा आणि खडूस होता. आता देखणा तेवढा राहिला नाही. त्याची कुत्री नेल पाच मिनिटं माझ्या कुंपणापाशी थांबली आणि मग आत शिरून बॉगलसमोर पोटावर बसली, मेंढीला नजरेने जखडतात ना, तशी. हलेना. जॉस तिला हाका मारत आला, शिव्या देत भिंत चढला, आणि दोरीखाली येऊन मान वर करून बघायला लागला. मला वाटलं त्याला जुने दिवस आठवले. त्याने खिशातून चष्मा काढला आणि बॉगलच्या पाठीवरचा एक कान उलटा करून बघितला.

कान तुला आठवत असतील. त्या वर्षीच्या बर्फात मेलेल्या सात मेंढ्यांची कातडी सिनेमावाल्यांनी नेली होती, पाच काकाची, दोन जॉसची. दिग्दर्शकाला एकदम सुचलं की कान कापून टाकायचे नाहीत, पाठीच्या कण्यावर ओळीने शिवायचे, म्हणजे प्राणी भयानक दिसेल. (सिनेमात तो सगळं ऐकत असल्यासारखा दिसतो, म्हणूनच मी त्याला सगळं सांगितलं असणार.) चौदा कान. आणि प्रत्येक जोडीतल्या एका कानावर मालकाची खूण कापलेली. टायसनांची, उजव्या कानाला दुहेरी खाच. तुमची, डाव्या कानाचा शेंडा सरळ छाटलेला.

"पोरी," जॉस मला म्हणाला (मी बासष्टची आहे, पण जॉससाठी मी अजून टपालाच्या सायकलीवर मागे बसलेली पोस्टमास्तरची पोर), "ही माझी मेंढी आहे."

"जॉस, हा बॉगल आहे."

"असेल. पण त्यातल्या दोन माझ्या आहेत. दुसऱ्याच्या खुणेचं जनावर घरात सापडलं तर काय करायचं असतं, हे तुला कोणी शिकवलं नाही का? पोस्टमास्तरच्या घरात कोण शिकवणार म्हणा."

आणि उर्सुला, त्याचं बरोबर होतं. शेकडो वर्षांचा रिवाज आहे. डोंगरावर भटकलेली मेंढी ज्याला सापडेल त्याने ती नोव्हेंबरच्या मेंढपाळांच्या मेळ्यात आणायची, तिथे कान बघून ज्याची त्याला द्यायची. मी एका प्राण्याला घरी नेऊन, धुऊन, वाळत घालून दोन महिने लपवला होता. आपल्या गावात याला चोरीच म्हणतात. मी लाजेने लाल झाले. माझ्या बाबांकडे कधी एकही मेंढी नव्हती, त्यामुळे बॉगलवर माझा केसभरही हक्क नव्हता, आणि हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात संग्रहालयाचं पत्र आलं, की त्यांचे मिस्टर पेव्हरेल मेळ्याच्याच दिवशी गाडी घेऊन बॉगलला न्यायला येतायत. काचेच्या पेटीत ठेवणार. वातावरण नियंत्रित ठेवणार. मी त्या रात्री नीट झोपले नाही. बॉगलला कधी कोणी नियंत्रित ठेवलेलं नाही.

मेळा पबच्या मागच्या अंगणात भरला, नेहमीसारखा. सतरा मेंढवाड्यांत सतरा भटक्या मेंढ्या, आणि अठराव्या वाड्यात गवतावर बॉगल. नेल दारापाशी राखण करत होती. मिस्टर पेव्हरेल साडेअकराला आले. शहरी बूट, हातात कागदांची पिशवी, वय साठीच्या आसपास. मी त्यांचा द्वेष करायचा असं सकाळीच ठरवून आले होते. पण ते वाड्यापाशी आले, कठड्याला धरून उभे राहिले आणि त्यांच्या हातातून पिशवी चिखलात पडली. "मी सात वेळा पाहिला होता हो," ते म्हणाले. "लीड्सला, दर शनिवारी. बाबा वारले त्या वर्षी." मग मला विचारलं, "नाकाला हात लावला तर चालेल?" आता अशा माणसाचा द्वेष कसा करायचा, हे कॉन्व्हेंटात शिकवलेलं नाही.

पण नियम तो नियम. अॅग्नेस फिअरन मेळ्याची अध्यक्ष आहे. तिच्या आवाजाने मेंढ्याच काय, डोंगरही थोडा सरकतो. तिने मेंढपाळांचं पुस्तक उघडलं, ज्यात सगळ्या खुणांची चित्रं आहेत, आणि मिस्टर पेव्हरेलना विचारलं की त्यांची खूण कोणती. त्यांनी चिखल पुसून सिनेमा कंपनीचा कागद पुढे केला, सामानाची यादी, सह्या वगैरे.

"वाच की," जॉस म्हणाला, "लंडनचा कागद आमच्या डोळ्यांना झेपत नाही."

त्यांनी वाचला. "बॉगल, एक. कातडी सात, विल्फ्रेड ब्रेथवेट आणि जे. टायसन यांच्याकडून..." आणि थांबले. कान लाल झाले.

"पुढे?" अॅग्नेस.

"...उसनी."

अंगणात असा हशा पिकला की खऱ्या मेंढ्या दचकल्या. अॅग्नेसने एकेक करून चौदाही कान उलटे करून पाहिले, मोठ्याने पुकारले, आणि सगळ्यांनी ऐकलं. दोन मेंढ्या टायसनच्या, पाच विल्फ्रेड ब्रेथवेटच्या. काका गेले, मेंढ्या गेल्या, शेत विकलं गेलं, पण खूण तू कधी विकली नाहीस, उर्सुला. पुस्तकात ती अजून तुझ्या नावावर आहे. म्हणजे बॉगल सातात पाच तुझा आहे. जॉसचा वाटा शेपटीकडे येतो.

"शेपूट मी देत नाही," जॉस म्हणाला. "लंडनला नाही, कुठेच नाही. बाकीचं ती सांगेल ते."

अॅग्नेसने निवाडा दिला. मालकीण सांगेल ते अखेरचं, आणि तोवर भटकं जनावर ज्याने खाऊ घातलं त्याच्याकडेच राहील. मी घाईघाईने म्हटलं की मी त्याला काही खाऊ घातलेलं नाही. (खरं बोलायची सवय कधीकधी फार नडते.) तेव्हा मिस्टर पेव्हरेलनी खिशातून बिस्किट काढून माझ्या हातात दिलं, आणि मी ते सगळ्यांदेखत बॉगलच्या जबड्यात ठेवलं. अॅग्नेसने पुस्तक मिटलं.

मग मटण-बटाट्याची पातेली आली, सोबत लाल कोबीचं लोणचं. मिस्टर पेव्हरेलनी तीनदा वाढून घेतलं, आणि गाणी सुरू झाल्यावर त्यांचा आवाज जॉसपेक्षा बरा निघाला. जॉसला ते अजून पचलेलं नाही. जाताना मिस्टर पेव्हरेलनी मला बाजूला घेऊन विचारलं की मागचे पाय कोण होतं, कारण त्यांच्या सगळ्या कागदांत पुढच्या माणसाचं नाव आहे आणि मागे नुसतीच रेघ. लहानपणी त्यांना नेहमी वाटायचं की बॉगल हसतो तो मागच्या पायांनी. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. ईस्टरच्या सोमवारी ते सिनेमाची जुनी प्रत घेऊन गावच्या हॉलमध्ये दाखवायला येणार आहेत.

तर असं आहे सगळं. बॉगल सध्या माझ्या पाहुण्यांच्या खोलीत आहे आणि खुशाल आहे. तू ठरवशील ते मला मान्य. काचेच्या पेटीत पाठव म्हणालीस तर मी स्वतः पट्टा लावून पाठवीन. फक्त लवकर कळव.

तुझी प्रेमळ चुलत बहीण,
फिलोमिना

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. मेळ्याचा नियम असा आहे की मालकाने स्वतः येऊन जनावर ओळखायचं असतं. पत्र, फोन, जावयाचा संगणक, काही चालत नाही. तेव्हा ईस्टरला तुला यावंच लागेल. माझा यात काही हात नाही. नियम आहे.

ता. ता. क. असा नियम नाही. जॉस म्हणतो त्याच्या वडिलांच्या वेळी पोस्टकार्डावर काम भागायचं. मी अॅग्नेसला म्हटलं, नवा नियम घाल. ती म्हणाली, "कारण काय लिहू?" मग मी म्हटलं की उर्सुलाला जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली, आणि या सगळ्या वर्षांत ती एकदाच आली, तेही काकाच्या मयताला, तीन दिवस, आणि तिन्ही दिवस आम्ही लोकांना चहाच देत होतो. अॅग्नेसने नियम लिहिला. जॉसने सही केली. म्हणजे आता असा नियम आहे. गुडघ्याची सबब चालणार नाही, त्या पायांनी तू बॉगल नाचवला आहेस.

ता. ता. ता. क. सोबत खोका पाठवते आहे. वाटणी अशी. आल्याचा केक जावयाला, कारण त्याने नाताळकार्डावर माझं नाव बरोबर लिहिलं. पुदिन्याची वडी नातवंडांना. ती हातोडीने फोडावी लागते, फोडायचा मान धाकटीचा. लोकरीचे मोजे मुलीला. एक लांब आहे, तो डावा समजावा. खिंडीतल्या पोलिसाने नंतर घरी येऊन बॉगलशेजारी उभं राहून काढवलेला फोटो तुमच्या फादरना दाखवून परत घ्यावा. आणि पेन्रिथ स्टेशनहून स्केलबेकला येणाऱ्या बसचं वेळापत्रक तुला. परत जाणाऱ्या बसचं पान त्यात नाही. ते मी शेगडी पेटवायला वापरलं.